दप्तरांचा कारखाना

(शनिवार दुपार. नोकरी करणाऱ्यांच्या एमबीएचा वर्ग नुकताच सुटलाय. इमारतीच्या मागच्या पायऱ्यांवर भाऊ आणि बहीण, हातात मशीनमधली कॉफी.)

दादा: …आणि मी हात वर केला तर तुझे सर काय म्हणाले, पाहुण्यांनाही बोलू द्या. टाळ्या पडल्या चिंगे, टाळ्या. चाळीस शिकलेली माणसं आ वासून ऐकत होती.

चिंगी: ऐकलं की. मी तुझ्या शेजारीच होते.

दादा: मला वाटायचं, एमबीए म्हणजे इंग्रजीतून झोपायचं. हे तर झकास आहे. कुणाच्या तरी धंद्याची गोष्ट वाचायची आणि कोण कुठे माती खातोय ते सांगायचं. मी हे रोज फुकटात करतो.

चिंगी: केस म्हणतात त्याला. धंदा खरा घ्यायचा, नावं-गावं बदलायची. या वेळची आमच्यातल्याच एकाने लिहून आणायची होती.

दादा: म्हणजे तो दप्तरांचा कारखाना खराच आहे?

चिंगी: कारखाना खरा आहे. त्या थोरल्या भावाबद्दल तू काय म्हणालास रे? टाळ्यांमध्ये शेवटचं ऐकू नाही आलं मला.

दादा: हलकट माणूस, म्हटलं. धाकटा घसा फोडून सांगतोय, बंदांची शिवण कच्ची आहे, माल थांबव. याने त्याची पाठ वळताच गाडी भरून पाठवली. माल परत आला, तर बापाला सांगतो धाकट्यानेच पास केला होता. धाकटा बिचारा निघून गेला, तर म्हणे त्याचं धंद्यात मनच नव्हतं. असल्या माणसाला मी दारात उभा करणार नाही.

चिंगी: आणि उपाय काय सांगितलास?

दादा: उपाय काय, सरळ आहे. बापासमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, मी खोटं बोललो. मग धाकट्याला परत आणायचं. हाताखाली नाही हं, बरोबरीने. सख्खा भाऊ आहे शेवटी. बरं, ते लोकांचं राहू दे. मी ज्या कामाला आलोय ते बोलू का?

चिंगी: बोल ना.

दादा: तू परत ये कारखान्यात. आपले गिऱ्हाईक, ते दारंवाले, हटून बसलेत. म्हणतात, बिजागऱ्या तपासायला तुमची बहीण असेल तर ऑर्डर देतो, नाहीतर राम राम. काय जादू केलीस त्यांच्यावर, तुलाच ठाऊक. तुला टेबल देतो, खिडकीजवळचं. माझ्या हाताखाली निवांत राहा. त्या ट्रकवाल्यांकडे पाळ्या करायच्या, उरलेल्या वेळात इथे डोकं घालायचं, काय मिळालं तुला यातून?

चिंगी: आज मिळालं.

दादा: काय?

चिंगी: ती केस मी लिहिली आहे, दादा.

दादा: तू? अरे वा. छान लिहिलीस की. मला बोलली नाहीस. कुणाचा कारखाना, ओळखीतला आहे का?

चिंगी: बिजागऱ्यांचा.

दादा: बिजागऱ्यांचा कसला? दप्तरांचा होता.

चिंगी: दप्तरं मी घातली. बिजागरीच्या खिळीच्या जागी दप्तराचा बंद. खिळी मऊ होती, बोटाने वाकत होती. मी पेट्यांवर लाल खडूने फुल्या मारल्या आणि घरी गेले. तू ओल्या फडक्याने त्या पुसल्यास आणि गाडी भरलीस.

दादा: काहीतरीच बोलू नकोस. त्यात बहीण कुठे होती? दोन भाऊ होते.

चिंगी: तेवढंच तर बदललं. दप्तरं, आणि बहिणीच्या जागी भाऊ. बाकी सगळं जसंच्या तसं आहे. बाबांचं आजारपण, ती परत आलेली गाडी, तू जिन्यात उभं राहून बाबांना जे सांगितलंस ते सुद्धा. मी तेव्हा तुझ्यापुढे रडले होते, तर म्हणालास, बायकांनी धंद्यात सगळं मनाला लावून घेऊ नये. आज मी नुसती भाऊ झाले, तर केवढा कळवळा आला तुला. वर सख्खा भाऊ आहे शेवटी, असंही म्हणालास.

दादा: फसवून आणलंस तू मला.

चिंगी: बोलावून आणलं. केस चार दिवस आधी पाठवली होती. तूच फोन करून म्हणालास, दोनदा वाचली, तो थोरला अगदी नालायक आहे.

दादा: वर्गात कुणाकुणाला माहीत आहे हे?

चिंगी: कुणालाच नाही. कुणी लिहिली ते सांगत नाहीत. सरांना ठाऊक आहे, पण तू माझा कोण ते त्यांना मी सांगितलं नाही. पाहुणे, एवढंच म्हटलं. घाबरू नकोस, तुझी अब्रू शाबूत आहे. उलट वाढलीच.

मेट्रन: अगंबाई, इथे बसलात होय? मी तुम्हालाच शोधत होते हो पाहुणे.

चिंगी: दादा, या आमच्या मेट्रन. मोठ्या इस्पितळात नर्सेस सांभाळतात आणि वर्गात मला सांभाळतात. मेट्रन, हा माझा भाऊ.

मेट्रन: भाऊ होय? तरीच. काय बोललात हो तुम्ही. आमच्याकडे रोज एकाची चूक दुसऱ्याच्या गळ्यात मारतात, पण त्याला असं उघडं पाडणारा कुणी भेटत नाही. तुमचं ते वाक्य मी लिहूनच घेतलं. चूक करणारा सुधारतो, खापर फोडणारा सुधारत नाही.

दादा: ते असंच बोलून गेलो.

मेट्रन: असंच बोललेलं पोटातलं असतं. तुम्हाला धाकटा भाऊ आहे वाटतं?

दादा: नाही. ही एकटीच.

मेट्रन: नशीब काढलंस गं बाई. चला, माझी ड्यूटी आहे. तो थोरला मला कधी भेटला ना, तर तुमचंच वाक्य ऐकवीन त्याला.

चिंगी: जरूर ऐकवा. सावकाश जा.

दादा: मजा वाटतेय तुला.

चिंगी: वाटतेय. खोटं कशाला बोलू? मी इथे नाव घातलं तेव्हा तू हसलास, म्हणालास, डिग्री घेऊन काय बिजागऱ्यांना कोट शिवणार का? गाड्यांचा माल उतरवून घेताना पुठ्ठ्याच्या खोक्यावर वही ठेवून अभ्यास केला मी. पाय सुजायचे. सोडून द्यावंसं वाटलं की तुझा चेहरा आठवायचा आणि पुन्हा पान उलटायचे. मला तुझी शिक्षा तुझ्याच तोंडून ऐकायची होती. मी सुनावली असती तर तू हसून सोडून दिली असतीस.

दादा: ऐकलीस ना? झालं समाधान? मग आता सरळ बोल. टेबल नको असेल तर केबिन देतो. बरोबरीने बस, जा.

चिंगी: केबिन नको. आधी बाबांना सांग.

दादा: बाबांना यात ओढू नकोस. वय बघ त्यांचं.

चिंगी: त्यांना ओढलंस तू. त्यांनी मला बिजागरी कानाला लावून ऐकायला शिकवलं होतं, आणि आता मी घरी आले की विचारतात, ट्रक बरे चाललेत ना? भाडेकरूला विचारावं तसं. माल परत आला तेव्हा म्हणाले, तू माझ्या नावाने खराब माल पाठवलास आणि वर पाठ फिरवलीस. मी म्हटलं, मी नाही पाठवला. म्हणाले, दादा कशाला खोटं बोलेल? दादा, कारखाना तुला लखलाभ. दारंवाले ठेव, केबिन ठेव, सगळं उरावर घेऊन बस. बाबांचं ते वाक्य मला परत घेतलेलं हवंय.

दादा: आता सांगितलं तर तोंड बघणार नाहीत माझं.

चिंगी: नाही बघणार. माझं कुठे बघतात? मी जिवंत आहे ना?

दादा: सांगतो. सांगत नाही असं नाही. ती ऑर्डर एकदा हातात येऊ दे, जरा सवडीने…

चिंगी: वर्गात एकाने हेच विचारलं होतं, सवडीने सांगितलं तर चालेल का? तू काय म्हणालास त्याला?

दादा: आठवत नाही.

चिंगी: म्हणालास, सवडीने सांगणाऱ्याला सवड कधी होत नाही.

दादा: माझेच शब्द माझ्या घशात घालणार आहेस का तू?

चिंगी: चांगले होते. वाया कशाला घालवू?

दादा: आणि नाही सांगितलं तर? काय करशील? तू जाऊन सांगशील?

चिंगी: मी एकदा सांगितलं होतं. माझ्या सांगण्याला तिथे किंमत नाही. मी आता काही करणार नाही. मला जे करायचं होतं ते मागच्या रविवारीच करून झालं.

दादा: काय केलंस?

चिंगी: बाबांना केस वाचून दाखवली. हल्ली त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. म्हणाले, तुम्हाला तिथे काय शिकवतात ते वाच बघू.

दादा: दप्तरांचीच ना? दोन भावांची?

चिंगी: तीच. एक शब्द बदलला नाही.

दादा: मग त्यांना काय कळणार त्यातलं? मला नाही कळलं.

चिंगी: गाडी भरून पाठवली तिथपर्यंत मी आले, तर म्हणाले थांब. पाणी मागितलं. प्यायले. मग म्हणाले, वाच पुढे.

दादा: आणि संपल्यावर?

चिंगी: त्यांनी विचारलं, त्या थोरल्याने पुढे काय केलं? मी म्हटलं, ते मला ठाऊक नाही बाबा, तोच सांगेल कधीतरी.

दादा: म्हणून आठवडाभर मी घरात शिरलो की ते टीव्हीचा आवाज बंद करतात?

चिंगी: हो. तू काही बोलशील म्हणून.