तोकुनागाबाईंचा मुळा

...नाही, आधी मला बोलू द्या! बावीस वर्षं! देवळाच्या शरदातल्या उत्सवाला लोणच्याचं पिंप माझ्या घरचं जातं. कोंड्यात मुरवलेला मुळा, अख्खी गल्ली बोटं चाटते! आणि यंदा? तुम्हाला सांगते, सुनेनं घालवलं! आमची लिगाया, फिलिपीन्सची. पोरगी गुणी हो, पण जपानी बोलायचं म्हटलं की त-त-प-प. म्हणून क्लास लावला. कुणी लावला? मीच!

त्या होशिनो मास्तरांनी बाराव्या धड्यात काय शिकवावं? तर तुलना! झालं, आठवडाभर घरात दुसरं काही नाही. "आई, मांजरापेक्षा कुत्रा मोठा." हो बाई. "आई, केन्तारोपेक्षा त्याचा भाऊ उंच." हो गं, माझीच पोरं ती, पण आता तोंड मिट!

तर यंदाचं पिंप कुणाचं, हे ठरवायला बायका जमल्या. मी दरवर्षीसारखी मान खाली घालून म्हटलं, "छे, माझा कसला? तोकुनागाबाईंचाच मुळा चांगला." यावर त्यांनी म्हणायचं, "काहीतरीच! तुमच्यापुढे आमचा म्हणजे कचरा!" पुन्हा मी नको, पुन्हा त्या नको... तीनदा झालं की मी सुस्कारा सोडून 'बरं' म्हणायचं. बावीस वर्षं कुणी चुकलं नाही! आणि त्या तोंड उघडतात न उघडतात तोच आमचं रत्न हात वर करून उभं: "हो! आईंच्या मुळ्यापेक्षा तोकुनागाबाईंचा मुळा जास्त चविष्ट आहे!"

एक चूक नाही हो वाक्यात! बायकांनी टाळ्या वाजवल्या, किती छान बोलते म्हणून! आणि ती तोकुनागा... बावीस वर्षं टपूनच बसली होती मेली! कमरेत वाकून म्हणते कशी, "मग... सूनबाईंचा शब्द कसा मोडायचा?" गेलं पिंप! क्लास कुणी लावला? मीच!

घरी येऊन अशी ओरडले! "अगं, आपलं ते वाईट म्हणायचं असतं, मानायचं नसतं!" ती रडली. मला वाईट वाटलं, पण राग काही जाईना. तीन दिवस अबोला.

काल सकाळी तिनं मिसोचं सूप केलं. चाखलं... अहो, माझ्यापेक्षा चांगलं! तरी मी फणकाऱ्यानं विचारलं, "काय गं, कुणाचं चांगलं? तुझं की माझं?"

तिनं मान खाली घातली. "छे, आई. माझं कसलं? तुमचंच चांगलं."

घ्या! घरात खरं बोलणारं एकच माणूस होतं हो... त्यालाही वळण कुणी लावलं? मीच!