बाबांच्या दाढीचा लाइट

...आणि पुन्हा लाइट गेला! बाबा बाथरूममध्ये, अर्ध्या गालाला साबण, हातात रेझर आणि मिट्ट अंधार! आतून गर्जना, "अरे ए शास्त्रज्ञा!" आता तुम्हीच सांगा, मी जागचा हललोही नव्हतो, मग लाइट बंद केला कोणी?

तुम्हाला सांगतो, मी केलं होतं एवढंच, की पत्त्यांच्या कॅटएवढा एक कॉम्प्युटर डबीत बसवला आणि घरातले लाइट त्याला जोडले. फोनवर त्याचं पान उघडायचं, 'बाथरूम बंद'वर बोट ठेवायचं, डबीत टक्... लाइट बंद! शाळा अर्धवट सोडलेल्या माणसानं हो, नुसते व्हिडिओ बघून! पण बाबा तोंड पुसत बाहेर आले, "आता एकदा जरी लाइट गेला, तर डबी कचऱ्यात आणि तू काकाच्या दुकानात!" दुकानात! मी! दारात कुरिअरवाला आला तरी मला घाम फुटतो, मी गिऱ्हाइकांशी काय बोलणार?

वायरी तपासल्या, बल्ब बदलला... सगळं ठीक! मग बंद केला कोणी? दुसऱ्या दिवशी बाबा आत गेले, मी डबीला कान लावून बसलो. तेवढ्यात टक्! आतून गर्जना! आणि स्वयंपाकघरातून आई, "अगंबाई, विणकामाचा नमुना बघायला फोन उघडला, तर हे कसलं पान आलं?"

अहो, आई रोज झोपताना बाथरूमचा लाइट फोनवरून घालवायची. सकाळी फोन उघडला, की तो बिचारा तेच शेवटचं 'बाथरूम बंद'चं पान पुन्हा मागवायचा, आणि माझी डबी त्यालाच हुकूम समजायची! काय डोकं आहे बघा!

दुकान टळलं. बोट ठेवलं तरच ऐकायचं, असं डबीला शिकवलं. बाबा खूश!

आणि आई? "दुरुस्त केलंस? कशाला? आज पाऊण तास झाला, हे आतच! लाइट जायचा तेव्हा लगेच बाहेर तरी यायचे! होतं तसं कर, नाहीतर काकाला मीच फोन लावते."

"अगं आई, मग तू बोट ठेव ना बटणावर!"

"मुद्दाम? भांडण होईल! ते चुकून झालं पाहिजे."

आता काय करणार? एकीकडे बाबा, एकीकडे आई, दोन्हीकडून दुकान! म्हणून हल्ली रोज सकाळी आईनं डोळ्यानं खुणावलं, की मीच बाथरूमपाशी जातो, दार वाजवतो... "बाबा, झालं का हो?"

लाइट मात्र एकदाही जात नाही हं!