हरणाऱ्याचा परिच्छेद

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे न्यायमूर्ती, वकील संघाचे पदाधिकारी, कचेरीतले माझे सोबती, आणि ज्यांना निवृत्तीचा निरोप द्यायला आपण जमलो ते आपले मुख्य न्यायमूर्ती साहेब,

साहेबांचा एक निकाल खरोखर केवढ्याला पडतो, ते मला विचारा. दहा-अकरा मसुदे, दोन रिमं कागद आणि माझ्या चष्म्याचा पाव नंबर. मी साहेबांचा लघुलेखक. या इमारतीत शिपाई म्हणून आलो आणि रद्दीतल्या मसुद्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर लघुलेखन शिकलो. थोडक्यात, मी न्यायमूर्तींच्या खाडाखोडीवर वाढलेला माणूस. हसा, हसा, आज साहेब रागावणार नाहीत.

त्यांच्या न्यायविचाराबद्दल आधीचे वक्ते भरभरून बोलले. मला साहेब एवढंच म्हणाले होते, "जिंकणारा शेवटची ओळ बघून पळतो हो. अथपासून इतिपर्यंत वाचतो तो हरणारा. त्याच्यासाठी लिहायचं." म्हणून प्रत्येक निकालात एक परिच्छेद असायचा, तुझं म्हणणं आम्ही ऐकलं, पण का पटलं नाही, हे सांगणारा. तो वाचून अपिलाचा नाद सोडलेली माणसं मी पाहिली आहेत. मघाशी संघाचे अध्यक्ष म्हणाले, "साहेब टेबल स्वच्छ करून चालले." टाळ्या मीही वाजवल्या.

एका रुग्णवाहिका चालकाचं प्रकरण होतं. पोचायला उशीर झाला, रोगी दगावला, याला बडतर्फ केलं. हा म्हणतो, रस्ता खणलेला होता. अकरा वर्षं लढला. पुढच्या महिन्यात त्याला अठ्ठावन्न पूर्ण होतील, म्हणजे नोकरीचा प्रश्न उरलाच नाही. त्याला फक्त नाव धुऊन हवं होतं. सुनावणी संपून निकाल राखून ठेवला, तेव्हापासून रोज व्हरांड्यात गाठायचा.

"काय दादा, आज तरी?"

"मला काय माहीत?"

"टाइप तुम्हीच करता ना? मग चेहरा तरी दाखवा नीट."

"त्यालाही साहेबांची परवानगी लागते, बाबा."

आज तीन वाजता त्याच्याच निकालाचा मसुदा हातात घेऊन साहेब म्हणाले, "हरणाऱ्याचा परिच्छेद पुन्हा घ्या."

मी म्हटलं, "साहेब, आज शेवटचा दिवस."

"मग आज तरी नीट होऊ द्या."

मी घेतला. पुन्हा घेतला. सव्वीस वर्षांत साहेबांना मध्येच तोडलं नव्हतं. आजही घड्याळ बघत लिहीतच राहिलो. साहेबांनी मान वर केली तेव्हा साडेचार वाजून गेले होते. निकाल भर न्यायालयात वाचावा लागतो, न्यायालय उठलं होतं, आणि उद्या साहेब न्यायमूर्ती नसणार.

"आता?" साहेबांनी मला विचारलं. मला!

"आता काही नाही, साहेब."

निकाल कोणाच्या बाजूने होता, हे मी सांगणार नाही. तो अधिकार मला कधीच नव्हता. आता कोणालाच नाही. इकडे येताना चालक बाकावर होता. म्हणाला, "दादा, चेहरा बरा नाही तुमचा." मी पुढे झालो. 

साहेब, सकाळी तुम्हीच बजावलंत, "बोला, पण नुसतं गोड नको." म्हणून बोललो. इतक्या मोठ्यांत मला उभं केलंत, आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, उपकार आहेत. कमीजास्त बोललो असेन तर पदरात घ्या.

चालकाचं प्रकरण नव्या न्यायमूर्तींपुढे पहिल्या सुनावणीपासून चालेल. फाइल अजून साहेबांच्या टेबलावर आहे.