कट्ट्यावरची फुली

...आणि डॉक्टर मला विचारतोय, "काका, काय जड उचललंत काय?" म्हटलं, व्हय बाबा, मोबाइल उचललाय! हसायला लागला. तुम्हीबी हसा. पण हा उजवा हात बघा, खांद्याच्या वर जात न्हाय. बस्तीत, म्हंजे आमच्या जैन देवळात, घंटा वाजवायची झाली तर डावा हात लावतोय, आणि उपाध्ये माझ्याकडं असं बघत्यात की ह्याचं आता काय खरं न्हाय. तुम्हाला सांगतो, हे सगळं एका पॉइंटपायी झालं. एका! लायटीच्या एका पॉइंटपायी!

थांबा, नीट सांगतो. मी सन्मती. मूळचा निपाणीकडचा, उद्यमबागेत एका फौंड्रीत स्टोअर सांभाळतो. सही घेतल्याशिवाय खिळासुद्धा कुणाला देत न्हाय. आता माणसानं आयुष्यभर वाचवायचंच काम केलं तर घरी येऊन तो काय उधळणार हाय? लगीन झाल्यापासनं आम्ही खडेबाजारात एका दुकानाच्या माडीवर भाड्यानं राहिलो. घरमालकाचा नियम, एका खोलीला एक बल्ब. दुसरा दिसला की खालनं हाक, "सन्मती, दिवाळी हाय काय रं वर?" अशी सगळी उमर गेली, आणि शेवटी एकदाचं अनगोळात घर घेतलं. जुनं, पण स्वतःचं.

जुनं म्हंजे किती जुनं? लाकडाच्या पट्ट्या, त्यावर कापड गुंडाळलेली वायर, काळी गोल बटनं. बटन दाबलं की खट् करून दिवा लागायचा... शेजारच्या खोलीत! नळाला हात लावला की मुंग्या पार दातापर्यंत. ज्याला त्याला विचारलं तर एकच उत्तर, वायरिंग सगळं काढून टाका, आणि राहायला जायच्या आधी टाका, एकदा सामान आत गेलं की खाचा मारता येत न्हाईत, सिमेंटची धूळ गादीत, गव्हात, लोणच्यात. म्हटलं बरं. पैसा वाचवायचा तर आधीच करून घेऊ. वाचवायचा... हा शब्द माझ्या तोंडात आला आणि तिथनंच माझं फिरलं बघा.

वायरमन आला. रवळू, खानापूरकडचा. हा रवळू कानाला मोबाइल लावूनच जन्माला आलाय. माझ्याकडं बघून म्हणतोय, "व्हय व्हय, पोचलोच, दोन मिनटात!" म्हटलं, अरं पोचलास की, माझ्या समोर उभा हाईस! तर म्हणतोय, "तुम्हाला न्हवं अण्णा, वडगावच्या पार्टीला."

मग फोन छातीला लावून म्हणतोय, "अण्णा, आमचा रेट पॉइंटवर."

"पॉइंट म्हंजे रं?"

"दिवा एक पॉइंट. पंखा एक पॉइंट. प्लग एक पॉइंट. दारावरची बेल एक पॉइंट."

"देवापुढचा झिरोचा बल्ब?"

"तोबी पॉइंटच की."

"एवढासा असतोय रं तो!"

"वायर तेवढीच लागती, अण्णा." आणि लगेच फोनवर, "व्हय व्हय, निघालोच!"

जाताना ह्यानं खिशातनं खडू काढला. म्हणाला, घरातल्या मंडळींना सांगा, जिथं पॉइंट पायजे तिथं भिंतीवर फुली मारा. फुली तिथं पॉइंट, फुली न्हाय तिथं काय न्हाय, आणि गिलावा झाल्यावर मला काय सांगायचं न्हाय. आता मला सांगा, घरातल्या माणसांच्या हातात असा खडू देत्यात काय?

आमची ब्राह्मी, म्हंजे लेक, कॉलेजला हाय, तिनं बेडच्या उजवीकडं फुली मारली आणि डावीकडंबी मारली. म्हटलं दोन्हीकडं कशाला गं? "पप्पा, कुशीवर वळल्यावर चार्जिंग कुठं लावू?" मग जिन्यात फुली, आरशावर फुली, गॅलरीत फुली. आमचे आप्पा, तवनाप्पा, माझे वडील, कानानं कमी आणि आवाजानं जास्त, ते काठी टेकत मेनच्या पेटीपाशी गेले आणि तिथं एक मोठी फुली मारून म्हणाले, "हे बंद करायला हाताला येईल असं ठेवा." अख्ख्या घरात आप्पांना पायजे हुतं ते एवढंच.

आणि आमची ही, त्रिशला. हिनं खडू हातात धरून सगळं घर फिरून बघितलं, कुठं कायबी केलं न्हाय, आणि शेवटी स्वयंपाकघरात जाऊन कट्ट्याच्या, म्हंजे ओट्याच्या, बरोबर वर एक फुली मारली. एकच. बारकी. म्हणाली, "अहो, एवढा एक दिवा पायजे. खडेबाजारात बल्ब पाठीमागं हुता, माझीच सावली तव्यावर पडायची. लगीन झाल्यापासनं सावलीतच भाकरी करतेय." मी म्हटलं, व्हय व्हय. आता व्हय व्हय म्हटलं म्हंजे माणसानं ऐकलंच असं असतंय काय? तो रवळूसुद्धा दिवसभर व्हय व्हयच म्हणत असतोय.

दुपारनं ह्या दोघी घरी गेल्या, मी आणि आप्पा तेवढे मागं राहिलो. भिंतीकडं बघतोय तर फुल्याच फुल्या! आणि प्रत्येक फुली मला दिसतीया ती रवळूच्या रेटासकट. बादलीत एक फडकं पडलं हुतं, पिळून घेतलं, आणि बेडच्या डावीकडची पुसली. एका कुशीवर झोपलं तर काय मरतंय माणूस? एक पॉइंट वाचला! जिन्यातली पुसली. पाय खाली सोडला की पायरी असतीच, ती काय पळून जात्या? एक पॉइंट वाचला! आरशावरची पुसली. स्वतःचं तोंड काय माणूस विसरतोय? एक पॉइंट वाचला! तुम्हाला सांगतो, अंगातच आलं माझ्या. फडकं फिरवतोय आणि मोठ्यानं म्हणतोय, एक पॉइंट वाचला, एक पॉइंट वाचला...

असा पुसत पुसत स्वयंपाकघरात आलो. दारावर एक ट्यूब ठरलेलीच हुती. आणि कट्ट्यावर ही फुली, बारकी. तिथं माझा हात थांबला, खोटं कशाला सांगू? म्हटलं, आप्पांना विचारावं. "आप्पा, ही ठेवायची काय?" खर्चाचं काय निघालं की आप्पा कानडीत जात्यात. "बेड, बेड! नको!" म्हणाले, "अरं, आपण जैन माणसं. दिवस बुडायच्या आत जेवणारी. अंधार पडल्यावर आपल्या घरात चूल पेटत न्हाय, मग कट्ट्यावर दिवा कुणासाठी? झुरळांसाठी?"

आता काय, धर्मच मधी आला की! पुसली. वर आणि आप्पांकडं बघून म्हटलं, "आप्पा, एक पॉइंट वाचला!" आप्पांनी मान डोलावली. सकाळ म्हणून एक असती, ती दोघांच्याबी डोक्यात आली न्हाय.

रवळूनं खाचा मारल्या, पाइप पुरले, वायर ओढली, गिलावा झाला, हिनं स्वतः निवडलेल्या पिस्ता रंगाच्या टाइल कट्ट्यावर बसल्या. मधी हिनं विचारलं, "अहो, माझ्या दिव्याची वायर दिसत न्हाय?" म्हटलं, आत हाय, आत हाय, शेवटी काढतोय तो. उपाध्ये आले, घराचं शांतिविधान झालं, पाहुणे दिवस बुडायच्या आत जेवून गेले. खिडकीतनं ऊन आत आलतं, सगळी म्हणत हुती, वा वा, काय उजेड हाय घरात! मी नुसता फुगलो हुतो.

दुसऱ्या दिवशी माझी पहिली पाळी. आता पहिल्या पाळीचा डबा कवा करत्यात? दिवस उगवायच्या आधी! कोण करतंय? हीच. कुणासाठी? माझ्यासाठीच की! दुपारी फौंड्रीत डबा उघडला. भाकरी एका अंगानं काळी, दुसऱ्या अंगानं कच्ची. माझ्या शेजारी बसतोय मष्णू, मोल्डिंगमधला, त्यानं ती भाकरी उचलली, टेबलावर दोनदा वाजवून बघितली आणि सगळ्यांदेखत म्हणतोय, "स्टोअरवाले, ह्यो माल रिजेक्ट. परत लावून द्या!"

आता खडेबाजारातबी ही सावलीतच भाकरी करायची आणि तिथं कधी करपली न्हाय... हे माझ्या डोक्यात आत्ता येतंय बघा, तुमच्याशी बोलता बोलता!

असा रोज रिजेक्ट माल. शेवटी हिनं रवळूला घरी बोलावून घेतलं. मी आधीच आवाज चढवला. "काय रं रवळू, कट्ट्यावरची फुली विसरलास व्हय?" आणि डोळा मारतोय त्याला. पण तो कशाला बघतोय, फोनवरच! "फुली नव्हती अण्णा. तिथं नुसता ओला डाग हुता." ही म्हणाली, "मी माझ्या हातानं मारलेली." आणि आप्पा! ज्या आप्पांना कानाशी बेंडबाजा वाजला तरी समजत न्हाय, त्यांना तेवढंच बरं ऐकू आलं! बाहेरनं केवढ्यानं ओरडले, "अगं, त्यानंच पुसली ती! ओल्या फडक्यानं! आणि काय म्हणाला म्हाइताय? एक पॉइंट वाचला!"

तुम्हाला सांगतो, रवळूनं फोन बंद केला. पहिल्यांदा!

ही ओरडली असती तर लई बरं झालं असतं. ओरडली न्हाय. त्या पिस्ता टाइलवरनं हात फिरवला आणि म्हणाली, "मी एकच मागितली हुती." बास. खरंच की. लेकीनं भिंतभर मागितलं, मी कर्ज काढून घर मागितलं, हिनं काय मागितलं? एक दिवा. तोबी माझा डबा करायला.

"पायजे तर टाइल फोडून देतो," रवळू म्हणाला. त्या रंगाच्या टाइल आता मिळत न्हाईत. ही म्हणाली, नको. मी पळत जाऊन चार्जिंगवरचा दिवा घेऊन आलो. हिनं तो घेतला, आणि नेऊन जिन्यात ठेवला. म्हणाली, "तिथंबी अंधारच हाय."

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आधी माझ्या अंगावरचं पांघरूण गेलं. "उठा." "काय झालं?" "दिवा लावायचाय." डोळे चोळत गेलो तर माझाच मोबाइल माझ्या हातात, टॉर्च चालू. "धरा. जरा वर. डावीकडं. अहो तव्यावर, माझ्या तोंडावर न्हवं!" हात दुखायला लागला म्हणून जरा खाली घेतला, आणि तवा अंधारात गेलाच. पाठीमागच्या ट्यूबचा उजेड हिच्या पाठीवर, आणि पुढं तवा, पीठ, हिचे हात, सगळं काळोखात. इतकी वर्षं हिनं अशी केलेली भाकरी मी खाल्ली आणि एकदाबी विचारलं न्हाय की तुला दिसतंय काय गं. लाज वाटली. मुकाट्यानं हात वर केला.

तवापासनं रोज. रोज! आणि नुसतं उभं राहायचं न्हाय, ही बोलत असत्या. चिकोडीचं माहेर, तिच्या आईचा घरामागचा परडा, लग्नात माझ्या मावशीनं काय टोमणा मारलता, शिवणाचा क्लास काढायचा हुता तो राहिलाच. मी हूं म्हणायला मान हलवली की, "हालू नका, उजेड हालतोय." डोळा लागला आणि हात खाली आला की, "लाइट गेली काय?"

म्हटलं, पुरे झालं, खर्च तर खर्च. मीच रवळूला फोन लावला. टाइल न फोडता वरनं पट्टी मारून वायर नेतो म्हणाला, एका दुपारचं काम. आला बिचारा पट्टी घेऊन, वेळेवर आला, आणि हिनं त्याला दारातनंच परत लावून दिला. म्हणाली, "राहू दे रवळू. बल्बला काय सांगितलं तर ऐकू येत न्हाय. ह्यांना आता येतंय."

आता बोला! पैसे द्यायला तयार झालो तर घेणारं कोण न्हाय!

आणि परवाचं सांगतो, मग तुम्ही जावा. परवा पहाटे शेजारच्या अक्काताई विरजण मागायला आल्या. मी न्हाणीत, अंगावर पहिला तांब्या घेतलेला, सगळं ऐकू येतंय. अक्काताई म्हणत्यात, "वैनी, घर लई झ्याक केलंसा की! टाइल काय, बोर्ड काय! पण कट्ट्यावर दिवा न्हाय व्हय बसवला?"

आणि ही काय म्हणाली असंल?

"हाय की. आंघोळीला गेलाय. येईल एवढ्यात."

...गेलो की ओ! तसाच, टॉवेल गुंडाळून, पाणी निथळत! उजवा हात तर वर जात न्हाय, डाव्यानं धरला मोबाइल. काय करता... एक पॉइंट वाचलाय न्हवं!