खोडलेला 'उ'

हॅलो?… कोण?… हं. दोन वर्षांनी ताई आठवली म्हणजे काम असणार. बोल.

…बरी आहे गं. काम सांग.

…काय?… परत सांग… सगळेच डाग? अगं रडू नकोस, नीट बोल. म्हणजे आता सूर्याच्या वरच्या अर्ध्या भागात डागांच्या ज्या जोड्या दिसतायत, त्यांच्यात पुढच्या डागाचं चुंबक उत्तर? प्रत्येक जोडीत?… हो, हो… मग मी वेगळं काय सांगत होते?

नाही, थांब. आता तू ऐक. मोहरीएवढी जोडी होती ती, विषुववृत्तापासून पार लांब. तीनदा दुर्बिणीला डोळा लावला आणि मगच त्या दिवसाच्या कागदावर पुढच्या डागापाशी 'उ' लिहिला. अकरा वर्षं तिथे 'द' लिहीत आले होते, मला कळत नव्हतं? म्हणून तर म्हटलं, चुंबक पालटलं, नवं चक्र लागलं, आता डाग वाढणार, वादळं उठणार… तर साहेब म्हणाले, "बाईंचे डोळे गेले."

…हो, साहेबच म्हणाले. पण खोडरबर कोणाच्या हातात होतं?

…घाबरलीस. बरं. आणि माझी खुर्ची? तीही घाबरूनच घेतलीस?



तुला त्या दुर्बिणीपाशी नेलं कोणी गं? स्टुलावर उभं करून दाखवलं कोणी? सूर्यालासुद्धा पालटायला अकरा वर्षं लागतात. तुला एक दुपार पुरली.

…काय हवंय साहेबांना?… मी येऊन? 'उ' परत लिहू? जुन्या तारखेवर?… म्हणजे नव्या चक्राचा पहिला डाग आपल्या वेधशाळेने पाहिला म्हणून मिरवायला मोकळे!… माझं नाव घालणार? उपकार झाले!

नाही. डोळ्यांनी पाहिलं की तेव्हाच लिहायचं, मागाहून नाही. विसरलीस?… तो कागद आहे समोर?… खिडकीपाशी ने. तिरपा धर… अजून तिरपा. पेन्सिल दाबून लिहायची खोड आहे मला… तुझ्या 'द'च्या खाली बघ.

…दिसला ना?

खोडतानाही दिसला असेल.

…नाही, ताई नको म्हणूस. तिथे सगळे बाई म्हणतात, तूही बाईच म्हण. ठेवते.