हळू पुकारा

कोर्टाच्या दाराशी पुकारा करणारा शिपाई उभा होता. शेजारच्या बाकावर दोघी बहिणी. धाकटी दवाखान्यात नर्स, आज साक्षीला आलेली.

“ज्याच्यावर दुकान पेटवल्याचा आळ घेतलाय, तो माणूस त्या वेळी तापलेलं पोर मांडीवर घेऊन आमच्या दवाखान्यात बसला होता, ताई. मी डोळ्यांनी बघितलंय.”

“बघितलं असशील! व्याही तुझ्या पोरीचं लग्न मोडायला निघालेत. त्याच्या वस्तीची बाजू घेणाऱ्यांशी सोयरीक नको म्हणतात.”

“मोडू दे.”

“तो काय आपल्यातला आहे?”

“आपल्यातला असता तर साक्षीला रांग लागली असती. त्याला मी एकटीच आहे.”

“मोठी आलीस! आणि पोरगी? ती काय म्हणते?”

“खूप रडली. मग सकाळी माझा हा नर्सचा पोशाख इस्त्री करून ठेवला. हाच घालून जा म्हणाली.”

ताई शिपायाकडे वळली. “भाऊ, हिचं नाव जरा हळू पुकारा. ऐकूच आलं नाही म्हणू. तुमचं काय जातंय?”

आतून खूण झाली. शिपायानं छाती भरून असा पुकारा केला, की फाटकाबाहेर बसलेल्या त्या वस्तीतल्या बायका उठून उभ्या राहिल्या.

धाकटी आधीच उठली होती.