सोनाट्यात नसलेली ओळ

अरे, मंदीत माझी नोकरी गेली ना, तेव्हाची गोष्ट. महिन्याभरात दुबई सोडायची होती आणि माझ्या मुलीची, रेवाची, व्हायोलिनची परीक्षा तेवढी बाकी होती. वाजवायचा होता नॉर्वेच्या लोकगीतांच्या वळणाचा एक जुना सोनाटा. त्याला पियानोची साथ लागतेच, आणि साथीच्या बाई नोकरी जाऊन आठवड्यापूर्वीच मायदेशी गेलेल्या!

शेवटी आमच्या अल कुसैस वस्तीच्या भजनी मंडळातले पेटीवाले जोशीकाका पियानोवर बसले. त्यांना नोटेशन वाचता येत नाही, सगळं सीडी ऐकून पाठ केलेलं. मी आपला शेजारी उभा राहून उगाच पानं उलटत होतो.

मध्येच रेवा विसरली. म्हटलं, खलास! पण काका थांबतायत कुठे? भजनात बुवा अडखळले की जागा भरतात, तशी पदरचीच एक ओळ घोळवत राहिले. चौथ्या फेरीला रेवा बरोबर आत शिरली.

इंग्रज परीक्षक आपल्या प्रतीत ती ओळ शोधून दमले. "ही कुठली एडिशन?"

काका शांतपणे म्हणाले, "अल कुसैस एडिशन, सर."

साहेब हसत सुटले. रेवा माझ्या कानात म्हणाली, "बाबा, यू कॅन ब्रीद नाऊ."